गवत, लोखंड आणि कोळसा: ७३ टक्के वाढीचा हिशेब

बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातल्या ग्वांग यांग आणि ज्यानलोंग वांग या दोघांनी २०१८ साली गवतापासून हायड्रोजन काढण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यात कालवलेलं गवत, त्यात मिश्र जिवाणूंचं विरजण, हवा काढून टाकलेल्या बंद बाटल्या, आणि काही बाटल्यांत लोखंडाचे नॅनोकण. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम लोखंड घातलेल्या बाटल्यांनी दर ग्रॅम कोरड्या गवतामागे ६४.७ मिलिलिटर हायड्रोजन दिला. लोखंड न घातलेल्या बाटल्यांपेक्षा हे ७३ टक्क्यांनी जास्त होतं. वायू निघण्याचा वेग तर दुपटीच्याही पुढे गेला, १२८ टक्क्यांनी वाढला. पुढच्याच वर्षी याच दोघांनी लोखंडाच्या जोडीला बायोचार, म्हणजे काडीकचरा बंद भट्टीत भाजून केलेला कोळसा, घातला. दोन्ही एकत्र घातल्यावर मिळणारा फायदा एकेकट्याच्या फायद्यापेक्षा मोठा असल्याचं त्यांनी दाखवलं.

त्यानंतर या वाटेवर बरीच गर्दी झाली. कोळशावर लोखंड, निकेल, कोबाल्ट किंवा मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचे कण बसवायचे, बाटलीत टाकायचे आणि किती टक्के वाढ झाली ते छापायचं, असे शोधनिबंध सतत येत असतात. त्या गर्दीतून मी हे प्रकरण निवडलं, कारण यातली सामग्री सगळी ओळखीची आहे आणि आकडे असे आहेत की कागद-पेन्सिल घेऊन पडताळून बघता येतात. पडताळल्यावर ७३ टक्के हा आकडा खोटा ठरत नाही. मात्र तो नेमका कशाचा आहे, हे जरा वेगळं दिसू लागतं.

बाटलीत काय चालतं

जिवाणूंकडून हायड्रोजन काढायच्या अनेक तर्‍हा आहेत. इथली तर्‍हा आहे डार्क फर्मेंटेशन, म्हणजे उजेडाशिवाय आणि हवेशिवाय आंबवणं. विरजण बहुधा सांडपाण्याच्या किंवा बायोगॅसच्या टाकीतल्या गाळाचं असतं. या गाळात हायड्रोजन करणारे जिवाणू असतात, तसेच तो खाऊन मिथेन करणारेही असतात. म्हणून गाळ आधी उकळतात, आम्लात ठेवतात किंवा त्याच्यावर गॅमा किरण सोडतात. मिथेनवाले त्यात मरतात. क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू बीजाणू करून तग धरतात आणि नंतर बाटलीचा ताबा घेतात.

क्लॉस्ट्रिडियम साखर फोडतो तेव्हा त्याच्या पेशीत इलेक्ट्रॉन साठत जातात. श्वासोच्छ्वासाला प्राणवायू नसल्यामुळे ते टाकायला जागा नसते. मग तो ते हायड्रोजनच्या आयनांवर टाकतो आणि हायड्रोजन वायू बाहेर सोडतो. हे काम करणार्‍या विकराला (एन्झाइमला) हायड्रोजनेज हे नाव १९३१ साली केंब्रिजमध्ये मार्जरी स्टीफनसन आणि लिओनार्ड स्टिकलंड यांनी दिलं. जिवाणूच्या दृष्टीने हायड्रोजन हा टाकाऊ माल आहे, आणि त्याचं उत्पादन वाढवण्यात त्याला काहीही रस नाही. या विषयातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

साखरेच्या एका रेणूत, पाण्याची मदत धरून, हायड्रोजनचे १२ रेणू देण्याइतकी ताकद असते. आंबवण्याच्या वाटेने त्यातले जास्तीत जास्त ४ मिळतात, तेही सगळी साखर अ‍ॅसिटिक आम्लाच्या मार्गाने गेली तर. ब्युटिरिक आम्लाचा मार्ग धरला तर २ मिळतात. उरलेली ऊर्जा त्या आम्लांत अडकून राहते. प्रत्यक्षात शुद्ध ग्लुकोजवरही २ च्या आसपास रेणू मिळाले की प्रयोग बरा मानतात.

चारची मर्यादा कशाने पडते, हे पुढे लागणार आहे म्हणून इथेच सांगतो. पेशीतले इलेक्ट्रॉन दोन प्रकारच्या वाहकांवर बसलेले असतात. एक फेरेडॉक्सिन हे प्रथिन. त्याचं विभव (इलेक्ट्रॉन पुढे ढकलण्याची ताकद; जितकं उणे तितकी जास्त) उणे ४०० मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे हायड्रोजन करायला जवळपास पुरेसं. दुसरा एनएडीएच हा छोटा रेणू. त्याचं विभव उणे ३२०. त्याच्याकडून हायड्रोजन करून घ्यायचा असेल तर बाटलीतल्या हायड्रोजनचा दाब ६० पास्कलच्या आसपास ठेवावा लागतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. बंद बाटलीत वर साठलेल्या वायूत हायड्रोजनचाच वाटा मोठा असतो, दाब त्याच्या शेकडो पट असतो. अशा वेळी एनएडीएचचे इलेक्ट्रॉन ब्युटिरिक आम्ल, लॅक्टिक आम्ल किंवा इथेनॉल तयार करण्यात जातात. कुठलाही नॅनोकण हा ऊर्जेचा हिशेब बदलू शकत नाही. उत्प्रेरक वाट सोपी करतो, चढ कमी करत नाही.

लोखंड कशासाठी

लोखंडाचा मुद्दा मात्र भक्कम आहे. फेरेडॉक्सिन सापडलं तेच मुळी क्लॉस्ट्रिडियम पाश्चुरिॲनममध्ये, १९६२ साली. त्याच्या एका रेणूत लोखंडाचे ८ अणू असतात. याच जिवाणूच्या हायड्रोजनेजची स्फटिक-रचना १९९८ मध्ये उलगडली, त्यात लोखंडाचे २० अणू निघाले. म्हणजे हायड्रोजन करणारी सगळी साखळीच लोखंडाची आहे. लोखंड कमी पडलं की हे जिवाणू फेरेडॉक्सिनच्या जागी फ्लॅव्होडॉक्सिन नावाचं लोखंड नसलेलं प्रथिन वापरतात, आणि साखरेचा ओघ लॅक्टिक आम्लाकडे वळतो. त्यात हायड्रोजन निघत नाही.

गवताच्या बाटलीत लोखंड असतंच, पण ते मिळेल तेव्हा ना. गाळात सल्फाइड असेल तर लोखंड त्याच्याशी बांधलं जातं, फॉस्फेट असेल तर त्याच्याशी. अशा बाटलीत बाहेरून लोखंड टाकलं की फरक पडणारच. जस्ताची कमतरता असलेल्या रानात झिंक सल्फेट टाकल्यावर पीक उठून दिसतं, आणि शेजारच्या रानात, जिथे जस्त आधीच पुरेसं आहे, तिथे तेच टाकून काही दिसत नाही. लोखंडाचं तसंच आहे. म्हणून एका प्रयोगशाळेत ७० टक्के वाढ देणारा तोच कण दुसर्‍या प्रयोगशाळेत १० टक्केही देत नाही, यात कोणी खोटं बोलत असतं असं नाही. विरजण वेगळं, पाणी वेगळं, पोषणद्रव्यांत आधीच टाकलेल्या लोखंडाचं प्रमाण वेगळं.

पण मग साधं फेरस सल्फेट का नको? ते स्वस्त आहे, कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. नॅनोकणांच्या बाजूने दोन खरी उत्तरं आहेत. धातुरूप लोखंड पाण्यात हळूहळू गंजतं, त्यामुळे लोखंडाचा पुरवठा एकदम न होता थोडा थोडा होत राहतो. आणि गंजताना ते उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं, द्रावणाचं विभव खाली आणतं. क्लॉस्ट्रिडियमला प्राणवायूचं वावडं असल्यामुळे सुरुवातीचा थांबण्याचा काळ त्याने कमी होतो. गंजण्याचा वेग पृष्ठभागावर ठरतो. ५० नॅनोमीटरच्या कणांचं १ ग्रॅम लोखंड सुमारे १५ चौरस मीटर पृष्ठभाग देतं, तेच १ मिलिमीटरच्या छर्‍यांचं असेल तर जेमतेम साडेसात चौरस सेंटिमीटर.

तिसरं एक उत्तर आहे, ते निबंधांत क्वचितच पुढे येतं. त्याच्याकडे हिशेबाच्या वेळी वळू.

कोळसा कशासाठी

नुसते लोखंडाचे नॅनोकण बाटलीत टाकले की ते एकमेकांना चिकटून गोळे होतात. लोखंड चुंबकीय असल्याने ही खोड जास्तच. गोळा झाला की १५ चौरस मीटरचा पृष्ठभाग कागदावरच राहतो. कोळशाच्या छिद्रांत कण बसवले की ते एकमेकांपासून लांब राहतात. करायची रीतही फार अवघड नाही: भुसा, कोंडा किंवा काड्या लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणात भिजवायच्या, वाळवायच्या आणि नायट्रोजनखाली भाजायच्या. कमी तापमानाला लोखंडाचं ऑक्साइड कोळशावर बसतं. साधारण ७०० अंशांच्या पुढे कोळसा स्वतःच त्या ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो आणि धातुरूप लोखंड उरतं. लोहार आणि पोलाद कारखाने हेच करतात, फक्त इथे तुकडे अतिसूक्ष्म असतात. सुटे लोखंडाचे नॅनोकण उघड्या हवेत पेटही घेऊ शकतात. कोळशात बसलेले हाताळायला त्या मानाने सोपे.

कोळशाचं स्वतःचं कामही कमी नाही. गवत फुटताना फिनॉल, फुरफुरालसारखी जिवाणूंना जाचणारी द्रव्यं सुटतात, ती कोळसा शोषून घेतो. जिवाणूंना चिकटून राहायला जागा मिळते. आणि कोळशात राख असते, राखेत पोटॅशियम-कॅल्शियमचे कार्बोनेट असतात, त्यामुळे आम्लं साठत गेली तरी सामू (पीएच) एकदम कोसळत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि सगळ्यात कमी चमकदार आहे म्हणून तो मागे पडतो. डार्क फर्मेंटेशनला साधारण ५.५ ते ६ सामू मानवतो. बाटलीत सामू धरून ठेवायची सोय नसेल तर आम्लं वाढतात, सामू ५ च्या खाली जातो आणि क्लॉस्ट्रिडियम काम थांबवतो. साखर उरलेली असली तरीही. अशा बाटलीत चिमूटभर राख टाकली तरी हायड्रोजन वाढेल. म्हणून कोळशाच्या कुठल्याही प्रयोगात मी आधी दोन गोष्टी शोधतो: शेवटी सामू किती होता, आणि आम्लाने धुऊन राख काढलेला कोळसा घालून एक बाटली लावली होती का. सामू बहुतेक ठिकाणी सापडतो. धुतलेल्या कोळशाची बाटली फारच थोड्या ठिकाणी.

इलेक्ट्रॉनच्या पुलाची गोष्ट

कोळशावर बसवलेल्या कणांच्या निबंधांत एक चित्र हमखास असतं. मध्ये काळा कण, एका बाजूला जिवाणू, दुसर्‍या बाजूला जिवाणू, आणि कणावरून इलेक्ट्रॉन इकडून तिकडे धावताहेत. कार्बन वीजवाहक आहे, लोखंड वीजवाहक आहे, तेव्हा त्यांनी पुलाचं काम केलं, असा तर्क.

या चित्राचा उगम खरा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डेरेक लव्हली यांच्या गटाने २०१२ मध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घालून आणि २०१४ मध्ये बायोचार घालून दाखवलं होतं की एका जातीचे जिवाणू आपले इलेक्ट्रॉन कोळशामार्फत थेट दुसर्‍या जातीला देऊ शकतात. पण ते काम कशावर होतं ते पाहायला हवं. देणारा होता जिओबॅक्टर, ज्याला इलेक्ट्रॉन पेशीबाहेर टाकण्याची खास सोय आहे. घेणारा, मिथेनच्या प्रयोगांत, मिथेन करणारा सूक्ष्मजीव होता. आणि या देवाणघेवाणीत हायड्रोजन मध्यस्थ म्हणून लागतच नाही, हाच तर त्या शोधाचा मथितार्थ होता. मिथेनच्या टाकीत ही चांगली बातमी आहे. हायड्रोजनच्या बाटलीत असा पूल खरोखर चालू झाला तर हायड्रोजन वाढण्याऐवजी टळेल.

शिवाय क्लॉस्ट्रिडियमचं हायड्रोजनेज पेशीच्या आत असतं. बाहेरून पेशीला जाड भिंत असते, आणि ५० नॅनोमीटरचा कण ती सहज ओलांडून आत फेरेडॉक्सिनशेजारी जाऊन बसतो असं मानायला आधार हवा. विरघळलेलं लोखंड आत जातं, त्याला वाहून नेणारी प्रथिनं पेशीत आहेतच. कोळशावरचे क्विनोनसारखे गट बाहेरच्या बाहेर थोडी इलेक्ट्रॉनची साठवण करतात, हेही मान्य. पण पेशीबाहेरच्या पुलामुळे पेशीच्या आतलं हायड्रोजनेज जोरात चालू लागलं, हे वाढलेल्या वायूच्या आकड्यावरून सिद्ध होत नाही. विकराची चाचणी केली आणि त्याची सक्रियता वाढलेली दिसली, तरी ती जास्त लोखंड मिळाल्याने वाढली असंच म्हणणं सरळ पडतं.

हिशेब

आता आकड्यांकडे. ६४.७ मिलिलिटर ७३.१ टक्के जास्त असेल तर लोखंडाविना ३७.४ मिलिलिटर मिळाला असणार. वाढ २७.३ मिलिलिटरची.

गवतात सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज मिळून ६० टक्के धरू. त्याची सगळी साखर झाली आणि प्रत्येक रेणूने ४ हायड्रोजन दिले तर ग्रॅममागे सुमारे ३३० मिलिलिटर मिळायला हवा. म्हणजे लोखंडाविना आपण त्या मर्यादेच्या नवव्या हिश्शापर्यंत पोचलो होतो, लोखंड घालून पाचव्या हिश्शापर्यंत. लोखंडाने मर्यादा ओलांडलेली नाही, ती पुष्कळ लांबच आहे. गवताचा कणखर धागा फुटणं हीच मोठी अडचण, आणि लोखंड तो फोडत नाही.

पुढचा हिशेब करायला लिटरमागे गवत किती होतं हे धरावं लागतं. मी २० ग्रॅम धरतो; हे माझं गृहीत आहे, त्यांच्या प्रयोगाचा आकडा म्हणून वाचू नये.

आता ते तिसरं उत्तर. लोखंड गंजताना स्वतःच हायड्रोजन सोडतं. आम्ल पाण्यात लोखंडाचा एक अणू विरघळला की हायड्रोजनचा एक रेणू निघतो, जिवाणू असो वा नसो. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं तर १६० मिलिलिटर हायड्रोजन निघतो. २० ग्रॅम गवतामागे एकूण वाढ होती सुमारे ५४६ मिलिलिटर. म्हणजे वाढीतला तीस टक्क्यांच्या आसपासचा भाग निव्वळ रसायनशास्त्राचा असू शकतो. गवताचं प्रमाण निम्मं, १० ग्रॅम धरलं, तर हा भाग साठ टक्क्यांच्या जवळ जातो. सगळं लोखंड गंजत नाही, कणावर ऑक्साइडचं कवच बसतं, म्हणून ही वरची मर्यादा समजावी. तरीही अशा प्रयोगात जिवाणूंविना, फक्त गवत आणि लोखंड घातलेली एक बाटली लावून तिचा वायू वजा केलेला असला तरच उरलेला आकडा जिवाणूंच्या नावावर मांडता येतो. धातुरूप लोखंडाऐवजी मॅग्नेटाइटसारखं ऑक्साइड बसवलेला कोळसा वापरला की ही शंका आपोआप मिटते, म्हणून तुलनेसाठी मला ऑक्साइडवाले निकाल अधिक विश्वासाचे वाटतात, त्यांचे टक्के कमी असले तरी.

एक किलो हायड्रोजन करायचा झाला तर? प्रमाण तापमान-दाबाला १ किलो म्हणजे ११.१ घनमीटर. ६४.७ च्या हिशेबाने कोरडं गवत लागेल १७२ किलो. लोखंडाविना ते २९७ किलो लागलं असतं, ही बचत मोठी आहे. पण लिटरमागे २० ग्रॅम म्हटलं तर १७२ किलो गवताला ८,६०० लिटर पाणी लागतं, आणि त्यात ३.४ किलो नॅनोलोखंड. एका किलो हायड्रोजनमागे साडेतीन किलो नॅनोकण! लोखंड स्वस्त असलं तरी नॅनोलोखंड स्वस्त नाही. चुंबकाने परत ओढून घेता आलं आणि अनेकदा वापरता आलं तरच हे जमेल, आणि गंजलेलं लोखंड परत येत नाही.

त्याहून अवघड गोष्ट पाण्याची. ८,६०० लिटर पाणी २५ अंशांवरून ३७ अंशांवर न्यायला सुमारे ४३० मेगाज्यूल उष्णता लागते. एका किलो हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते १२० मेगाज्यूल. म्हणजे नुसतं कोमट करण्यातच मिळणार्‍या इंधनाच्या साडेतीनपट ऊर्जा गेली. बाहेर जाणार्‍या स्लरीतली, म्हणजे आंबून उरलेल्या पातळ मालातली, उष्णता परत घेतली, सूर्याची मदत घेतली, गवताचं प्रमाण वाढवलं तर आकडा खाली येईल, आणि मे महिन्यात अकोल्याला गरम करायची वेळच येणार नाही. बीजिंगच्या जानेवारीत मात्र पाणी गोठणबिंदूच्या आसपास असतं. माझा सांगायचा मुद्दा असा की २७ मिलिलिटरची वाढ या हिशेबात बुडून जाते, आणि गवताचं प्रमाण लिटरमागे २० वरून ६० ग्रॅमवर नेणं हे कुठल्याही नॅनोकणापेक्षा मोठं काम आहे.

वेग

मग लोखंडी कोळशाचा उपयोगच नाही? आहे, पण तो निबंधाच्या मथळ्यात नाही, दुसर्‍या आकड्यात आहे. उत्पादन ७३ टक्के वाढलं, वेग १२८ टक्के. टाकी बांधणार्‍या माणसाला वेग जास्त मोलाचा. जे काम व्हायला तीन दिवस लागत होते ते सव्वा-दीड दिवसात झालं तर तेवढ्याच मालासाठी निम्मी टाकी पुरते, आणि अशा कारखान्यात टाकी, ढवळणी आणि तापवणी हाच मोठा खर्च असतो. सुरुवातीचा थांबण्याचा काळ घटला तर तोही नफाच. सतत चालणार्‍या टाकीत जिवाणू कोळशाला चिकटून राहिले तर पाण्याबरोबर वाहून जात नाहीत, हा फायदा बंद बाटलीत दिसतच नाही. म्हणजे ज्या ठिकाणी या सामग्रीचा खरा कस लागेल, तिथले प्रयोग कमी आहेत आणि बाटल्यांचे जास्त.

मात्रेबद्दल थोडक्यात. जास्त लोखंड म्हणजे जास्त हायड्रोजन असं चालत नाही. ठरावीक मात्रेपुढे आलेख खाली वळतो. कण पेशीवर थर करतात, पेशींना इजा करणारी प्राणवायूची क्रियाशील रूपं तयार होतात, आणि गंजण्यामुळे सामू वर सरकला तर मिथेनवाले आणि हायड्रोजन खाऊन अ‍ॅसिटिक आम्ल करणारे जिवाणू डोकं वर काढतात. अ‍ॅसिटिक आम्ल वाढलेलं बघून हायड्रोजनचा चांगला मार्ग लागला असं समजणं इथे धोक्याचं असतं. ते आम्ल हायड्रोजन खाऊनही झालेलं असू शकतं.

उरलेल्या आम्लांचं काय

१७२ किलो गवतात सुमारे २,९०० मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली १२० हायड्रोजनमध्ये आली, म्हणजे ४ टक्के. तेच गवत सरळ बायोगॅसच्या टाकीत घातलं आणि ग्रॅममागे २५० मिलिलिटर मिथेन धरला, तर १,५०० मेगाज्यूलच्या आसपास मिळतात. इंधन एवढंच हवं असेल तर हायड्रोजनच्या नादी लागू नये, हे इतकं उघड आहे.

हायड्रोजनच हवा असेल तर वाट दोन टप्प्यांची. पहिल्या टाकीत हायड्रोजन, तिथून निघालेली आम्लं आणि न फुटलेलं गवत दुसर्‍या टाकीत, तिथे मिथेन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सेंटिएंट लॅब्जबरोबर शेतातल्या काडीकचर्‍यापासून हायड्रोजन काढण्याचं जे तंत्र २०२१ मध्ये जाहीर केलं, त्याची मांडणी हीच आहे. भात, गहू, मका यांचे अवशेष आधी रसायनं किंवा विकरं न लावता जिवाणूंच्या निवडक समूहाकडून फोडायचे, पहिल्या टप्प्यात हायड्रोजन, दुसर्‍यात मिथेन, आणि त्या मिथेनपासून हवा तर आणखी हायड्रोजन. त्यांनी जोर धागा फोडणार्‍या जिवाणूंवर दिला हे वरच्या हिशेबाशी जुळतं. गवत किंवा काड अडतं ते तिथेच. धोरणही या वाटेला आडवं येत नाही. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची जी व्याख्या केली, तिच्यात पाण्याच्या विघटनाबरोबर जैवभारापासून केलेला हायड्रोजनही धरला आहे, किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइडएवढ्या उत्सर्जनाची मर्यादा घालून.

दोन टप्प्यांच्या रचनेत लोखंडी कोळशाला एक चांगली जागा मिळते. पहिल्या टाकीतून वाहून गेलेला कोळसा दुसर्‍या टाकीत पोचतो, आणि तिथे मात्र इलेक्ट्रॉनच्या पुलाची गोष्ट खरी ठरण्याची शक्यता असते, कारण तिथे मिथेन करणारे असतात. लोखंड सल्फाइडला धरून ठेवतं, त्यामुळे बायोगॅसमधला कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही कमी होतो. बायोगॅसवाले यासाठी लोखंडाचे क्षार आजही टाकतात. पहिल्या टाकीसाठी घेतलेल्या मालाने दुसर्‍या टाकीत दोन कामं केली तर साडेतीन किलोचा खर्च वेगळा दिसू लागेल.

शेवटी स्लरी शेतात जाते, आणि इथे धातूची निवड ठरते. निकेलच्या कणांनीही हायड्रोजन वाढल्याचे निकाल आहेत. काही जिवाणूंच्या हायड्रोजनेजमध्ये लोखंडाबरोबर निकेल असतो, त्यामुळे त्यालाही जैविक आधार आहे. पण भारतात खत नियंत्रण आदेशानुसार कंपोस्टमध्ये निकेलची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅम आहे. लिटरमागे १० मिलिग्रॅम निकेल टाकला, आंबवून झाल्यावर लिटरमागे १० ग्रॅम घन माल उरला आणि निकेल सगळा त्यातच बसला, तर किलोमागे १,००० मिलिग्रॅम होतात, मर्यादेच्या वीसपट. असं खत विकता येणार नाही, आणि दोन टाक्यांनंतर उरलेली स्लरी खत म्हणून गेली नाही तर तिची विल्हेवाट लावण्याचा खर्च अंगावर पडतो. जड धातूंच्या त्या यादीत लोखंड नाही. टक्के थोडे कमी पडले तरी शेतावरच्या टाकीसाठी मी लोखंडाच्या ऑक्साइडचा कोळसाच घेईन, आणि पहिली खेप धुतलेल्या कोळशाच्या नि फेरस सल्फेटच्या बाटल्यांशेजारी लावून बघेन.